पिशोरच्या फाटकावरची सडक

पिशोरला रेल्वे नाही. कन्नडलाही नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काय थापा मारते. पण इथं शहरात, उस्मानपुऱ्यात, आमच्या घराच्या समोरच्या खोलीत पिशोरचं स्टेशन आहे. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात नाव आहे, फलाट आहे, बाकडं आहे. आणि कन्नडहून येणारी सडक जिथं रूळ ओलांडते तिथं लाल-पांढऱ्या दांड्याचं फाटक आहे. सगळं मिळून एका पलंगाएवढं. रूळ, तारा, सिग्नल, स्टेशन हे सगळं ह्यांनी केलं. सडक मी केली.

हे म्हणजे माझे मिस्टर. वाळूजच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. माझं माहेर पिशोर, ह्यांचं घर कन्नडचं. लहानपणी ह्यांना आगगाडी बघायची तर एसटीनं थेट शहरात यावं लागायचं, आणि वडील काही दर वेळी सोबत आणायचे नाहीत. ती हौस पोटात राहिली ती राहिलीच. रिटायर झाल्यावर लोक चारधाम करतात, ह्यांनी हातभर लांबीची आगगाडी आणली. मी म्हणाले, "अहो, नातवंडांसाठी का?" तर म्हणाले, "हात नाय लावू द्यायचो कुणाला."

आता ती जिथं आहे ती खोली म्हणजे माझं पार्लर होतं. थ्रेडिंग, फेशियल, नवरीचा मेकअप. इथल्या कितीतरी पोरी माझ्या हाताखालून नवऱ्या होऊन गेल्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी शटर ओढलं, पण भिंतीवरचा मोठा आरसा तसाच राहिला. ह्यांनी नेमकं त्या आरशाला चिकटवून टेबल मांडलं. त्यामुळं रूळ थेट आरशात शिरल्यासारखे दिसायचे आणि एका पिशोरची दोन पिशोर व्हायची. ह्यांना त्याचं भारी कौतुक. "बघ, फुकटात डबल लाइन झाली," असं आल्यागेल्याला सांगायचे.

सडक तेवढी राहिली होती, आणि ह्यांचा हात थरथरायला लागला. आधी मला वाटलं अशक्तपणा असेल. मग एक दिवस स्क्रू पिळताना पेचकस दोनदा हातातून पडला. ज्या माणसानं आयुष्यभर जिवंत तारांशी खेळ केला त्याच्या हातातून पेचकस पडतो म्हणजे काय! डॉक्टर म्हणाले कंपवात. गोळ्या सुरू झाल्या. गोळी लागली की थोडा वेळ हात अगदी पूर्वीसारखा स्थिर व्हायचा, मग परत थरथर. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की पुढं आवाज बारीक होत जाईल. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. आमच्या घरात आवाजाचा तुटवडा कधी नव्हता, एकटी मीच दोघांपुरती आहे.

ह्यांचं एकच म्हणणं होतं. "सडक झाली, फाटक बसलं, की पैली गाडी मी काढणार. माझ्या हातानं. फाटकावरून पार पिशोरात नेणार." गाडी चालवायला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं एक बटण आहे. ते अगदी हळू फिरवावं लागतं, जरा जास्त फिरलं की इंजिन उडी मारतं. म्हणजे हात चालतोय तोवरच हे व्हायला पाहिजे होतं. आणि सडक करणं ह्यांना स्वतःला जमत नव्हतं. ब्रश धरला की रंग सगळ्या टेबलभर.

"आणा इकडं तो ब्रश," मी म्हणाले. "तीस वरसं तोंडं रंगवली, एक सडक नाही रंगवता येणार?"

पहिली सडक मी केली ती अशी, की काय सांगू! प्लास्टर कालवलं, पुठ्ठ्यावर एकसारखं ओढलं, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलं, वर राखाडी रंगाचा एकच हात. कुठं म्हणून डाग नाही. नवरीचा बेस लावावा तशी. मीच स्वतःवर खूश. हे खुर्चीवरून उठले, टेबलाला धरत धरत आले, वाकून बघितलं आणि हसायलाच लागले. हसताना सगळं अंग हलत होतं.

"अगं, ही सडक हाय का नवरी? ह्याच्यावर विमान उतरवायचंय का मला? आपल्या सडकीला असं तोंड असतंय का कधी?"

मला असा राग आला! मी म्हणाले, "मग कसं असतंय? सांगा ना. मीही त्याच सडकेवरून कॉलेजला गेलेय, तुम्ही एकटेच नाही." आणि खरं सांगते, त्या क्षणाला मला ती सडक दिसली. एसटीच्या खिडकीतून दिसायची तशी. मधे तेलानं काळी पडलेली, चाकांच्या दोन्ही पट्ट्यांवर घासून पांढुरकी झालेली. कडा कुरतडलेल्या, बाजूला लाल मुरूम. जुन्या डांबरावर नव्या डांबराची ठिगळं, आणि त्या ठिगळांनाही परत खड्डे. मी ती गुळगुळीत सडक चाकूनं खरवडून काढली आणि नव्यानं बसले.

आयुष्यभर मी डाग लपवले होते. आता डाग पाडायला शिकायचं होतं, आणि सामान सगळं तेच! फाउंडेशनचा स्पंज रंगात बुडवून नुसता टेकवला की डांबराचा खडबडीतपणा येतो. भुवया कोरायच्या चिमट्यानं कडा कुरतडल्या. सुईनं भेगा ओढल्या. काजळाची पेन्सिल बोटानं पुसली की एसटी थांब्यावर गळलेलं तेल तयार. गालांना लावायची लाली विटेच्या भुकटीत मिसळली, तो झाला मुरूम. आणि सगळ्यावर शेवटी फेस पावडर, मोठ्या मऊ ब्रशनं, अगदी हलक्या हातानं. तीच आमची धूळ.

शेजारची भाभी माझ्याकडं पार्लरला मेंदी काढायला यायची. ती अधूनमधून चहाला येते. मला ब्रश घेऊन वाकलेलं बघून दारातच थांबली. "क्या दीदी, अब सडक का बी फेशियल करते क्या?"

"फेशियल नाही गं," मी म्हणाले. "फेशियलच्या आधीचं करतेय."

ते दिवस आमचे लई चांगले गेले. मी वाकलेली, हे मागं खुर्चीत. नुसती भांडणं. लग्नाच्या दिवशी पिशोरहून कन्नडला जाताना आमची जीप एका खड्ड्यात अशी आदळली होती की माझं कपाळ ह्यांच्या दातावर आपटलं. तो खड्डा मोरीच्या अलीकडं की पलीकडं, ह्यावर आम्ही एक आख्खी दुपार घालवली. मी म्हणत होते अलीकडं, हे म्हणत होते पलीकडं. शेवटी मी दोन्हीकडं एकेक खड्डा केला. मक्याच्या दिवसांत लोक अर्ध्या सडकेवर मका वाळत घालतात आणि गाडी चढू नये म्हणून भोवती दगडांची रांग लावतात, तेही केलं. मक्यासाठी हळद लावलेला रवा पसरला, अगदी हुबेहूब! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पिशोरच्या सडकेवर मुंग्यांची रांग. हे हसून हसून खोकायला लागले. मग मी रवा झाडून टाकला आणि पिवळी रंगवलेली रेती घातली.

ह्याच दिवसांत पुण्याच्या पोराचा फोन यायचा. आई, इकडं या, इथं डॉक्टर चांगले आहेत, थोडे दिवस राहा. मी ह्यांना विचारलं. स्वयंपाकघरातून विचारलं, हात पिठात होते. "अहो, पोराकडं जाऊन राहायचं का?"

"जायचं," असं ऐकू आलं.

मी हात धुतले आणि पोराला फोन लावला. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. सूनबाई चांगली, नातवंडं गोड. गेलो ते दिवाळी करूनच परतलो. हे तिथं बाल्कनीत बसून राहायचे. फार बोलायचे नाहीत. मला वाटलं आराम मिळतोय, बरं वाटत असेल. गोळी लागल्यावर हात स्थिर व्हायचा तेव्हा नातवाला कागदाची विमानं करून द्यायचे, एकामागं एक. मी म्हणायचे, बघा किती रमलेत.

परत आलो तेव्हा गोळीचा तो चांगला वेळ आखडला होता. माझ्या लक्षात आलं, मी घाई केली. फाटकाजवळचा तुकडा तेवढा बाकी होता. तिथं सडक रुळांच्या वरून जाते, म्हणजे दोन रुळांच्या मधे आणि दोन्ही बाजूंना रुळाच्या उंचीपर्यंत प्लास्टर भरायचं. मी स्टुलावर बसून भरत होते. रस्त्यावर कुणाच्या तरी वरातीचा बँड चालला होता. हे मागं खुर्चीत होते.

"रुळाला लागून आतून खाच असती," हे म्हणाले. "ती बुजवायची…"

"बुजवते, बुजवते," मी म्हणाले.

आणि बुजवली. फट दिसली की भरायची, हा तर माझ्या हाताचा धर्म. देवीचे व्रण असोत, मुरुमांचे खड्डे असोत, मी भरून असे सपाट करायचे की नवऱ्या मुलाच्या आईलासुद्धा कळायचं नाही. ती खाच मी तशीच भरली, रुळाला घट्ट चिकटवून, बोटाच्या नखानं दाबून. मग रंग, मग काजळ, मग पावडर. समोर आरसा होता. मान वर करून एकदा आरशात बघितलं असतं तर ह्यांचे ओठ हलताना दिसले असते. मी मान वर केली नाही.

पहिल्या गाडीच्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. भाभीला बोलावलं, तिनं शीरखुर्मा आणला. मी फाटकाला झेंडूच्या दोन पाकळ्या लावल्या. गोळी लागली. हात स्थिर झाला. असा स्थिर की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी बटण हळूहळू फिरवलं आणि गाडी कन्नडच्या बाजूनं निघाली. तांबडे डबे, मागं गार्डाचा डबा. काय सुंदर चालवली हो! मोरी ओलांडली, मक्याच्या बाजूनं आली, फाटकाशी आली. इंजिन फाटकावर चढलं. चढलं म्हणजे खरंच चढलं, वर उचललं गेलं, एका अंगाला झुकलं आणि सडकेवर आडवं झालं. मागचे डबे एकावर एक. एक डबा मक्यात जाऊन पडला.

भाभीच्या तोंडून "हाय अल्ला" निघालं. ह्यांनी बटण बंद केलं. माझ्याकडं बघितलं.

"म्हणलं होतं ना तुला. खाच बुजवायची नाय."

"अहो, बुजवायची म्हणालात तुम्ही!"

"नाय म्हणालो."

"म्हणालात! ह्या कानांनी ऐकलंय मी!"

"अगं, नाय. नाय म्हणालो."

चाकाला आतल्या बाजूनं एक कडा असते. ती कडा त्या खाचेतून चालते, म्हणून गाडी रुळावर राहते. खाच भरली की चाकाला जागाच नाही. हे मला नंतर समजलं. पण दुसरी गोष्ट तिथल्या तिथं, भांडता भांडता समजली. ह्यांच्या वाक्याचं शेवटचं टोक माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. आवाज वाक्याच्या सुरुवातीला चांगला असायचा आणि शेवटाला यायच्या आत श्वास संपायचा. आणि आपली भाषा अशी की सगळं सांगून होतं आणि 'नाय' यायचं ते अगदी शेवटी. बुजवायची, नाय. ह्यांनी पूर्ण म्हणलं होतं. मला अर्धं मिळालं होतं.

भाभी गेल्यावर मी ह्यांच्या समोर खाली बसले. माझे गुडघे दुखतात, तरी बसले. म्हणाले, "अहो, दुधीचा रस. मी रोज विचारायचे, घ्यायचा का. तुम्ही म्हणायचात घ्यायचा."

"घ्यायचा नाय म्हणायचो," हे म्हणाले. "तू आणून द्यायची. मी प्यायचो."

मला हसू आलं आणि लगेच पुणं आठवलं. मी विचारलं, "आणि पुण्याला? मी विचारलं होतं, पोराकडं जायचं का."

ह्यांनी मान वळवली. इंजिनाकडं बघत राहिले. मी हाताला धरून परत विचारलं.

"जायचं नाय म्हणलं होतं," म्हणाले. "सडक होऊ दे, मग जाऊ, असं बी म्हणलं. तू फोन लावला."

"मग परत सांगायचं ना हो! ओरडून सांगायचं! ताट आपटायचं!"

"वाटलं, ऐकलं आसंल. ऐकून बी करती तिचंच."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. मला वाटायचं हे सगळ्याला हो म्हणतात, किती शांत झालेत. आणि ह्यांना वाटायचं बायको 'नाय' ऐकते आणि रेटून नेते. आम्ही दोघंही रागावलो नव्हतो, म्हणून तर कळलं नाही. मी रेटणारी आहे, हे खरं आहे. उभी गल्ली सांगेल. पण ह्यांचं 'नाय' माझ्या कानावर पडलं असतं तर मी भांडले असते हो, तास तास भांडले असते, आणि नेहमीप्रमाणं शेवटी दोन्हीकडं खड्डा केला असता. हात चांगला होता ते सगळे दिवस कागदाच्या विमानांत गेले. त्या दिवसांत इथं असतो तर सडक कधीच झाली असती, खाच चुकली असती तरी परत कोरून परत गाडी काढायला वेळ होता. हे मला कुणाला सांगताही येत नाही. पोराला सांगावं तर तो मनाला लावून घेईल.

दुसऱ्या दिवसापासून मी खाच कोरायला बसले. प्लास्टर दगड झालं होतं. जोर लावला तर रूळ हलायची भीती, म्हणून नाकावरचे ब्लॅकहेड काढायची जी बारीक पिन असते तिनं, कणाकणानं. फुंकर मारायची, परत कोरायचं. माझं मेलीचं काम इतकं पक्कं की निघता निघेना. नवरीचा मेकअप रात्रभर टिकायचा म्हणून कौतुक व्हायचं माझं. तेच आता नडत होतं. घाई करावी तर रूळ, हळू करावं तर हात. ह्यांचा हात. रोज गोळी लागल्यावर मी चोरून बघायचे, आज किती वेळ थांबतोय ते.

आणि घरात मी एक नवी रीत घातली. ह्यांना काही विचारलं की लगेच उठायचं नाही. समोर जायचं, ओठांकडं बघायचं आणि थांबायचं. "चहा करायचा का?" "करायचा…" थांबायचं. "…नाय." किंवा नुसतंच "करायचा". पंखा लावायचा, थांबायचं. टीव्ही बंद करायचा, थांबायचं. मला थांबायची सवय नाही, जीव नुसता वरखाली व्हायचा. पण शिकले. दुधीचा रस बंद झाला, आणि ह्यांना दुधी कधीच आवडत नव्हता हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

खाच मोकळी झाली त्या दिवशी मी चाकाचा एक जोड हातानं फाटकावरून ढकलून बघितला. सुळकन गेला. कोरताना सडकेच्या कडेचे कपचे उडाले होते, तिथं खऱ्या सडकेसारख्याच फुटक्या कडा तयार झाल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. इंजिन-डबे फाटकाच्या अलीकडं रुळावर लावले. ह्यांना शर्ट घातला, आता मीच घालते. खुर्ची टेबलाला भिडवली, गोळी दिली आणि वाट बघितली. मग बटणाचा डबा ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि बोटं बटणावर ठेवली. बोटं थरथरतच राहिली. डबाही खडखड वाजायला लागला. मी म्हणाले, "थांबू अजून जरा, लागेल गोळी." थांबलो. चहा झाला. परत ठेवली. इंजिन जरा पुढं उडालं, थांबलं, परत उडालं आणि थांबलं.

ह्यांनी बोटं काढून घेतली.

"मला आता चालवायची…" म्हणाले.

मी उठले नाही. आरशात ह्यांच्या ओठांकडं बघत थांबले. इतके दिवस ज्या 'नाय'साठी कान टवकारून बसायचे ते या खेपेला येऊ नये, असं मनात म्हणत मी थांबले होते. ह्यांनी श्वास घेतला. चांगला लांब घेतला, मुद्दाम, मला ऐकू यावं म्हणून.

"नाय," म्हणाले. अगदी स्पष्ट. स्वयंपाकघरात असते तरी ऐकू आलं असतं.

मी डबा मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. गाडी होती तिथंच आहे, फाटकाच्या अलीकडं, मक्याजवळ. झाडताना मी ती उचलत नाही. आता हे बोलत नाहीत, मान हलवतात. भाभी विचारते, दीदी, तुम चला दो ना, कितनी देर लगती. मला येईल चालवता, बटण तर फिरवायचं. पण ह्यांनी मला 'चालव' म्हणलेलं नाही.